दामोधरभाऊंना शब्द देताना

दुसऱ्या अंकात दामोधरभाऊ पाटावरून उठले, माईकपर्यंत आले आणि थांबले. मी शब्द दिला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा दिला. तरी नाही. शेवटी अख्खं वाक्य दिलं, तेव्हा कुठे त्यांचे ओठ हलले. तोवर समोरचं पब्लिक चिडीचूप. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "पाह्य वो, बुडा कसा इचारात पडला." आणि मंडपात टाळ्या पडल्या.

लोकांना तो अभिनय वाटला. मला नाही वाटला, कारण मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर विंगेत बसले होते आणि त्यांचे डोळे मला दिसत होते. त्या डोळ्यांत विचार नव्हता. काहीच नव्हतं.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर आहे. आधी नाचाच्या भूमिका केल्या, मग आईच्या, मग गुडघे गेले आणि विंगेतल्या खुर्चीवर आले. ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चंद्रपूर, गडचिरोली आणि वरचा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान घरात आलं की गावोगावी नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, असो की शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, नाटक पाहिजेच. पाहुणे येतात, जावई येतात, मंडपात बसल्याबसल्या सोयरिकी जुळतात.

आमचा नट आज एक नाटक करतो, उद्या दुसरं, परवा तिसऱ्याच कंपनीत कुणाच्या तरी बदल्यात उभा राहतो. तालीम नावाला. पाठांतराला वेळ कुणाकडे? म्हणून नाटक चालतं ते प्रॉम्प्टरवर. मी स्क्रिप्ट घेऊन बसते आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात हळूच सोडते. नट एक कान माझ्याकडे ठेवतो, ती सुरुवात पकडतो आणि बाकीचं स्वतःच्या पोटातून काढतो. याला आम्ही शब्द उचलणं म्हणतो. शहरातले नट एखाद्या सीझनला येतात, तेव्हा सुरुवातीला हसतात. "मला नाही लागणार प्रॉम्प्टिंग," म्हणतात. दुसऱ्या प्रयोगाला चहा घेऊन माझ्याजवळ येतात.

एक पथ्य मात्र कडक आहे. प्रॉम्प्टरने कोरडं वाचायचं. रडायचं वाक्य असो की भांडणाचं, आवाज बाजारभाव सांगितल्यासारखा. आपण सूर लावला की नट तोच सूर उचलतो आणि मग ते नाटक त्याचं राहत नाही.

दामोधरभाऊ शब्द उचलण्यात आमच्या पट्ट्यात एक नंबर. त्यांना पहिलं अक्षर पुरायचं. कधीकधी मी नुसता श्वास घेतला तरी त्यांना कळायचं. त्या वर्षी ते एका हेकट बापाचं काम करत होते. नाटकाचं नाव राहू द्या. आमच्याकडे नावात कुंकू, रक्त किंवा सूड यांतलं एक असतंच. हा आबासाहेब नावाचा बाप मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून पोरीला घराबाहेर काढतो, आणि तिसऱ्या अंकात ती दारात परत येते. गावं तारीख घेताना नाटकाचं नाव विचारत नव्हती. "दामोधरभाऊ आहेत का?" एवढंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावाच्या समाजमंदिरात उतरलो होतो. भाऊ उन्हात सतरंजीवर बसून तर्री-पोहे खात होते. मी शेजारी बसले.

"भाऊ, काल काय झालं जी?"

"कुठी?"

"दुसऱ्या अंकात. मी शब्द देत होते, तुम्ही उचलतच नव्हते."

त्यांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. मग म्हणाले, "तुले कळलं वाटते. मले वाटलं अजून कोनाले नाई कळलं."

"काय कळलं?"

"शोभाबाई, शब्द कानात येते. पन तो कायचा आहे तेच समजत नाई. जसं दुसऱ्याच्या घरचं भांडं हाती आलं. आपलं नाई एवढं समजते, ठेवाचं कुठी ते समजत नाई."

"घरी सांगितलं?"

"पार्वताले सांगून काय करू? ते रडत बसन."

"मग सोडून द्या काम. तब्येत आधी."

"सोडतो ना. माया गावच्या तारखेच्या आधी सोडतो." त्यांचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे. तिथल्या शंकरपटाला आमचं नाटक ठरलेलं होतं. "माया गावानं मले राजा म्हनून पाह्यलं, दरोडेखोर म्हनून पाह्यलं. येडा म्हनून नाई पाह्यचं. मी इसरून जाईन शोभाबाई, गाव नाई इसरत. तू मले त्याच्या आधी सोडव."

मी हो म्हटलं. एवढं सरळ मागणं होतं, त्याला नाही काय म्हणायचं?

मध्ये एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा मी आणि रंजना त्यांना चंद्रपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रंजना म्हणजे नाटकातली त्यांची पोर. खऱ्या आयुष्यातही ती त्यांना बाबाच म्हणते. डॉक्टर भले होते, घाई केली नाही. त्यांनी विचारलं, "काका, आज वार कोणता?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. कान किंचित माझ्या बाजूला केला आणि वाट पाहत राहिले. मी शब्द देईन म्हणून.

डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागले. रंजना उठून बाहेर गेली.

"हा वयाचा विसराळूपणा नाही," डॉक्टर मला नंतर म्हणाले. "आजार आहे आणि तो वाढत जाणार. औषधानं थोडा हळू होईल. तुमच्या लक्षात उशिरा आलं, कारण त्यांना बोलायला कुणीतरी सतत मदत करत होतं."

दुसऱ्या कुठल्याही धंद्यात हे आधी उघडं पडलं असतं. ड्रायव्हर रस्ता चुकला असता, मास्तर फळ्यापुढे अडखळला असता. आमच्या धंद्यात विसरणं हीच रीत. ज्याला काही आठवत नाही असा माणूस आमच्याकडे नायक म्हणून उभा राहू शकतो, आणि राहिला होता.

मी प्रभाकरभाऊंकडे गेले. हे आमचे निर्माते. वाईट माणूस नाही. गाडी बिघडली तर स्वतः खाली घुसतो, नटाच्या घरी मयत झाली तर आधी पोचतो. पण सीझनमध्ये त्यांच्या डोक्यात तारखांशिवाय काही नसतं.

"थकले असतील," ते म्हणाले. "तुम्ही जरा मोठ्यानं देत जा."

"थकलेले नाहीत. डॉक्टरनं सांगितलं. त्यांना सोडा आता. गावच्या तारखेच्या आधी सोडा असं त्यांनी स्वतः म्हटलं आहे."

"त्यांच्या गावानं तारीख त्यांच्या नावावर घेतली शोभाबाई! बॅनर लागले. मी दुसरा माणूस उभा केला तर लोक मले मंडपाच्या खांबाले बांधून ठेवतीन." मग थोडे नरमले. "ठीक आहे. भाऊ स्वतः म्हणत असन तर मी पाह्यतो."

त्यांनी माझ्यासमोरच भाऊंना हाक मारली. "भाऊ, तुमच्या गावच्या तारखेले काम करनार ना?"

"काऊन नाई करनार?" भाऊ हसले. "मायं गाव आहे ते."

त्यांना आपण काय मागितलं होतं ते आठवतच नव्हतं. आता ते फक्त मला आठवत होतं, आणि माझ्या शब्दाला किंमत नव्हती. प्रभाकरभाऊंनी हात पसरले, म्हणजे बघा, आता मी काय करू.

त्यानंतर आरमोरीच्या पुढच्या एका गावात ते घडलं. तिसरा अंक. रंजना दारात उभी, डोक्यावर पदर, हातात बोचकं. आबासाहेबाचं वाक्य होतं, "तू माझी पोर नाहीस." मी शब्द दिला. भाऊ रंजनाकडे पाहत राहिले. मी पुन्हा दिला. ते वळले, माईकच्या अगदी जवळ आले आणि घरी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "हे कोन आहे?"

भाऊंनी आपल्या अंगावरचा कोट चाचपला, नकली मिशीला हात लावला. मग विंगेत माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी कोन आहो इथी?"

मी हातातल्या पानाकडे पाहिलं. स्क्रिप्टमध्ये याचं उत्तर नव्हतं. रंजनाने बोचकं टाकलं, धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि मनानेच म्हणाली, "तुम्ही माझे बाबा आहात." ती खरीच रडत होती. भाऊ लहान पोरासारखे तिच्यामागे गेले. ऑर्गनवाल्याने प्रसंग ओळखून सूर धरला, पडदावाल्याने पडदा टाकला.

आणि मग टाळ्या. शिट्ट्या. बाया डोळे पुसत होत्या. गावचे सरपंच आत आले आणि म्हणाले, असा सीन आजवर पाहिला नाही. भाऊ आत खुर्चीवर अंग चोरून बसले होते आणि रंजना त्यांचे तळहात चोळत होती. मला त्या टाळ्यांचा एवढा राग आला की बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं. पण लोकांचा काय दोष? त्यांनी नाटक म्हणूनच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट माझ्या हाती आलं, तर तिसऱ्या अंकात निळ्या पेनाने नवं वाक्य घातलेलं. "ही कोण आहे? मी कोण आहे इथं?" पुढे रंजनाचं उत्तर, आणि मग पडदा.

"हे काय जी?" मी प्रभाकरभाऊंना विचारलं.

"पब्लिकले आवडलं ना. रोज ठेवू."

"तो माणूस घाबरला होता. खरा घाबरला होता."

"मले समजते शोभाबाई. पन पाह्य ना, आता ते वाक्य स्क्रिप्टमध्ये आहे. तुमी शब्द देसान, ते म्हणतीन. आता घाबराचं कारनच नाई."

ऐकायला बिनतोड होतं. मी त्या दिवशी ते वाक्य दिलं. कोरडं, नेहमीसारखं. आणि भाऊंनी ते उचललं. पण कसं उचललं? पाय रोवून, उजवा हात वर नेऊन, छाती भरून, "मी... कोण... आहे... इथं!" जन्मभर जसं केलं तसं. डोकं रिकामं होत चाललं होतं, पण नट शाबूत होता. शब्द आला की त्याचा अभिनय करायचा, हे त्याच्या हाडांत होतं. मंडपात एक टाळी पडली नाही. मागून कुणीतरी जांभई दिली ती मला ऐकू आली.

पुढच्या गावी तेच. घुग्घुसला खाणीतल्या कामगारांसमोर तर एकजण हसला. प्रभाकरभाऊ वैतागले. भाऊंना बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, त्या दिवशीसारखं करा ना."

भाऊंनी नम्रपणे विचारलं, "कोन्त्या दिवशी?"

प्रभाकरभाऊ मान हलवत गाडीकडे गेले. तरी वाक्य काढलं नाही. त्यांना वाटत होतं, एखाद्या दिवशी पुन्हा तसं होईल.

म्हणजे भाऊंच्या गावी काय होणार ते उघड होतं. एकतर ते वाक्य पोकळ जाणार, नाहीतर खरं होणार, आणि खरं झालं तर ते त्यांच्या गावासमोर होणार. तिथे लोक त्याला अभिनय समजणार नव्हते. तिथे त्यांचे चुलतभाऊ होते, बालपणीचे सोबती होते, त्यांचा घरचा आवाज ओळखणारी माणसं होती.

गावात पोचलो तर शंकरपटाची धूळ अजून खाली बसली नव्हती. भाऊंना हार घातले, शाल दिली. पार्वताबाई, त्यांची बायको, पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. भाऊ सगळ्यांना हात जोडत होते आणि दर माणसानंतर हळूच मला विचारत होते, "हा कोन होय?" मी नाव सांगत होते. ते नाव घेऊन हाक मारत होते. गाव खूश.

रंगपटात मी रंजनाला सांगितलं, "आज मी ते वाक्य देणार नाही. तू दारात आलीस की सरळ पायाशी बस, पुढचं मी पाहते."

"आणि प्रभाकरभाऊ?"

"त्यांचं मी पाहते."

पण वाक्य गाळून भागणार नव्हतं. भाऊंना आता कोरडा शब्द पुरत नव्हता. राग कुठे, माया कुठे, हे त्यांना त्या शब्दावरून कळत नव्हतं. त्या दिवशी मी पथ्य मोडलं. पहिल्या वाक्यापासून मी आबासाहेब झाले. रागाचं वाक्य रागाने पुटपुटलं, रडायचं रडत. कुठे श्वास घ्यायचा तेही घेऊन दाखवलं. खुर्चीवर बसून, तोंडावर पदर घेऊन, माईकमध्ये आवाज जाऊ न देता अख्खं काम मी केलं, आणि भाऊंनी ते जसंच्या तसं उचललं. माझा सूर, माझा कंप, माझं थांबणं. मी त्यांच्या तोंडून माझं काम ऐकत होते. ते चांगलं होत होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंदही झाला.

रंजना दारात आली आणि पायाशी बसली. मी म्हटलं, "ऊठ पोरी." भाऊ म्हणाले, "ऊठ पोरी." मंडप फुटायचा बाकी राहिला.

पडदा पडताच प्रभाकरभाऊ विंगेत आले. "ते वाक्य काऊन नाई दिलं?"

"दोन पानं एकदम उलटली जी."

"तुमच्या हातून?"

"म्हातारी झाले."

त्यांना कळलं. पण बाहेर लोक "असा आबासाहेब भाऊनं कधीच नाई केला" म्हणत होते, त्यामुळे त्यांनी तो विषय सोडला. सकाळी मी त्यांना सांगून टाकलं, भाऊंना इथेच त्यांच्या घरी ठेवा. नेलं तर दुसरा प्रॉम्प्टर शोधा. रंजनाही माझ्या बाजूने उभी राहिली. त्यांनी भाऊंची पेटी गाडीतून उतरवली आणि स्वतः उचलून घरापर्यंत नेली.

पार्वताबाईंना मी चुलीजवळ बसून सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मले थोडंथोडं समजत होतं बाई. पन मी म्हनो, नाटकात एवढं बोलते ना, मग बरा असन."

म्हणजे गावाने भाऊंना तसं पाहिलं नाही. त्यांनी मागितलं होतं ते, मागणं विसरल्यावर का होईना, त्यांना मिळालं. मला वाटलं, काम झालं.

होळी जवळ आली होती. आम्ही सिरोंच्याच्या रस्त्याला एका टपरीवर चहा पीत होतो तेव्हा पार्वताबाईंचा फोन आला.

"बाई, तो बोलतच नाई. मी पुसते, भूक लागली का? तर माया तोंडाकडे पाह्यते. मी म्हनलं 'हो, लागली', तर 'हो, लागली' म्हनते. 'नाई लागली' म्हनलं, तर 'नाई लागली'. रडक्या आवाजात म्हनलं तर तसाच रडते. आता मले कसं समजन, त्याले भूक आहे का नाई?"

मी म्हटलं, "विचारू नका. ताट समोर ठेवा. हात गेला तर भूक आहे."

"ठेवलं होतं. ताटाकडे नाई पाह्यत. माया हाताकडे पाह्यते. मी घास घेतला, तवा त्यानं घेतला. मी थांबली, का तोही थांबला."

जन्मभर नवऱ्याचं जेवण झाल्यावर ताटाला बसलेली ती बाई आता आधी जेवते. भूक असो नसो, तो उपाशी राहू नये म्हणून. गावातल्या बायांना कारण माहीत नाही. त्या तिला नावं ठेवतात, म्हातारपणी हिची लाज गेली म्हणतात. कारण सांगितलं तर भाऊंचं सगळं सांगावं लागेल, म्हणून पार्वताबाई ऐकून घेतात.

मी अजून त्याच खुर्चीवर बसते. एक सवय मात्र नवी लागली आहे. मुरलेला नट पहिल्या शब्दाऐवजी अख्खं वाक्य मागू लागला की मी ते देते, कारण ती माझी नोकरी आहे. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन करून, तो घरीही काही विसरतो का, ते विचारते. बहुतेक वेळा तो फक्त जागरणाने थकलेला निघतो आणि माझ्या नावाने शिव्या घालतो. त्या मी खाते.